‘तुका म्हणे’ कोण म्हणे?

१९३६ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ पडद्यावर आला. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा पाहून लोक चित्रपटगृहात हात जोडत, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. त्या चित्रपटात ‘आधी बीज एकले’ हे पद आहे. ते तुकोबांचे नाही, शांताराम आठवल्यांचे आहे. पण त्याचा घाट, त्यातली शब्दांची काटकसर आणि बीजापासून ब्रह्मापर्यंत सहज जाणारी उडी इतकी अस्सल उतरली की हे पद गाथेतलेच असणार अशी भल्याभल्यांची खात्री पटली. काहींनी गाथा चाळून पाहिली. आजही कितीतरी जण ते तुकोबांचेच समजून म्हणतात.

आठवल्यांनी एक गोष्ट मात्र केली नाही. पदाच्या शेवटी त्यांनी ‘तुका म्हणे’ लावले नाही. चित्रपट तुकारामांचा, पडद्यावर गाणारे तुकाराम, मुद्रा लावली असती तर कोणी आक्षेपही घेतला नसता. तरीही ती जागा त्यांनी मोकळी ठेवली.

आज ती जागा कोणी मोकळी ठेवत नाही. फोनवर फुकटचा एआय उघडायचा, ‘आषाढीसाठी तुकाराम महाराजांच्या शैलीत अभंग दे’ एवढे सांगायचे. चहा गाळून होईपर्यंत अभंग हजर. दुसऱ्या साधनाकडून पांडुरंगाचे चित्र घ्यायचे, सुनोसारख्या तिसऱ्याकडून चाल आणि गळा, चौथ्यात सगळे जोडून रील. खिशाला तोशीस नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आले तेव्हापासून हे दार उघडलेच होते. २०२५ मध्ये भारतात फुकटाची चढाओढ लागली. एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची वरची श्रेणी दिली, जिओने जेमिनायची, आणि ओपनएआयने चॅटजीपीटी गो वर्षभरासाठी मोफत केले. एकादशीच्या आदल्या दिवशी रील, शॉर्ट्स आणि सुप्रभात संदेशांचा पूर येतो, त्यात या साधनांचे पाणी किती हे मोजायला कोणी बसलेले नाही. पण ‘तुका म्हणे’ने संपणाऱ्या आणि कोणत्याही गाथेत न सापडणाऱ्या ओळी त्यात सर्रास भेटतात.

प्रश्न तंत्राचा वाटतो, पण मुळात तो धर्माचा आहे. या ओळीत म्हणणारा कोण आहे?

असा एखादा यंत्राचा अभंग जरा जवळून पाहावा. मोठ्या अभंगाचे माप ठरलेले आहे: पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. यंत्र बहुतेक वेळा हिंदी भजनासारखी चार ओळींची, ओळीच्या शेवटी टाळ्या घेणारी यमके जुळवते. अक्षरे मोजली तर कुठे सात, कुठे नऊ. त्यालाही कारण आहे. ‘विठ्ठल’ कानाला तीन अक्षरांचा. संगणकाच्या साठ्यात मात्र तो व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल अशा सहा खुणांचा असतो, आणि भाषेचे मॉडेल या खुणांचेही आपल्या सोयीने तुकडे पाडते. कानाने मोजण्याची गोष्ट त्याच्यापुढे येतच नाही. मग शब्द पाहावेत. ‘सकारात्मक’, ‘जीवनाचा प्रवास’, ‘अंतरीची ऊर्जा’ ही सतराव्या शतकातल्या देहूच्या वाण्याची भाषा नव्हे, ही कार्यशाळेतल्या वक्त्याची भाषा. आणि चित्र? पंढरीचा विठोबा काळ्या पाषाणाचा, विटेवर समचरण, कटेवर हात, एका हातात शंख आणि दुसऱ्यात कमळाचा देठ. यंत्राचा विठोबा अनेकदा गोरा, व्यायामशाळेतून आल्यासारखा, डोक्यावर दक्षिणी मुकुट, मागे सोनेरी झोत. खाली ‘पांडुरंग’ लिहायला गेले तर अक्षरे मोडलेली.

या चुका सुधारतील. काही सुधारल्याही आहेत. उद्या यंत्र सहा-सहा-सहा-चारचे माप अचूक पाळेल, ‘सकारात्मक’ गाळून जुनी क्रियापदे घालील, विठोबाच्या हातात शंखही देईल. म्हणून केवळ कच्चेपणावर बोट ठेवून आक्षेप घेणाऱ्याची बाजू दोन वर्षांत पडणार हे नक्की. खरा प्रश्न बिनचूक अभंगाचाच आहे.

मॉडेल पुढचा शब्द ओळखते. आजवर वाचलेल्या मजकुरात कशानंतर काय आले, त्या सवयीवर ते चालते. ‘तुका म्हणे’ त्याला माहीत आहे, पण कडव्याच्या शेवटी हमखास येणारा शब्दसमूह म्हणून. संतांच्या घरी मात्र मुद्रेचे काम निराळे होते. नाथ ‘एका जनार्दनी’ लिहितात तेव्हा स्वतःचे नाव गुरूच्या नावाला बांधून घेतात. ज्ञानोबांच्या अभंगात कित्येकदा त्यांचे नावच नसते, बाप रखुमादेवीवराचे असते. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते. सोयराबाई तर चोख्याची महारी म्हणून सही करते. जी जात गावाने कपाळी मारली, तीच ती सहीत उघडपणे मांडते. कोण बोलते आहे, कुठे उभे राहून बोलते आहे आणि बोलल्याचा भोग कोण भोगणार आहे, हे त्या दोन-तीन शब्दांत येते.

चोखोबांचे उदाहरण घ्यावे. मंगळवेढ्याचा हा माणूस पंढरीला येई आणि महाद्वाराबाहेर उभा राही. परंपरेनुसार मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळून तो गेला, नामदेवांनी त्याच्या अस्थी आणल्या आणि समाधी बांधली ती त्याच महाद्वारासमोर, बाहेर. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावे लागले; मधे सहा शतके गेली होती. आता यंत्राला ‘चोखामेळ्यांच्या शैलीत अभंग’ मागितला तर काय मिळते? गोड समर्पण. देवाकडे केलेली तक्रार गळून पडते, कारण ही साधने मुळातच कोणाला न दुखावण्याच्या वळणाने तयार केलेली असतात. ‘चोखा म्हणे’ उरते आणि चोखोबा जे म्हणत होते तेवढेच नाहीसे होते. शैलीची नक्कल बिघडली एवढ्यावर हे भागत नाही. बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला दुसऱ्यांदा गप्प करण्याचा हा प्रकार आहे.

वाङ्मयचौर्य या परंपरेला नवे नाही. गाथेत सालोमालोवर अभंग आहेत. हा देहूचाच कीर्तनकार तुकोबांच्या रचना उचलून त्यांना आपली मुद्रा लावी अशी कथा आहे, आणि प्रभातच्या चित्रपटाने त्याला खलनायक करून घरोघरी पोचवले. आजचा रीलवाला सालोमालोच्या नेमका उलट वागतो. त्याने दुसऱ्याच्या मालावर आपले नाव घातले, हा कोणाच्याच नसलेल्या मालावर तुकोबांचे नाव घालतो. दोघांत सालोमालोची चोरी निदान पकडता येण्याजोगी होती. मालक समोर होता.

इथे अभ्यासक मध्ये बोलतील आणि त्यांनी बोललेच पाहिजे. नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा या कवीच्या रचना मिसळल्या आहेत, आणखीही कित्येक ‘नामा’ त्यात आहेत. उत्तर भारतातल्या सूर-कबीरांच्या पदांबद्दल जॉन स्ट्रॅटन हॉली यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की भक्तिकाव्यातली सही लेखकाचा हक्क सांगत नाही, बोलण्याचा अधिकार सांगते. ख्रिश्चन नोव्हेत्स्की यांनी नामदेवांवरच्या २००८ मधल्या ग्रंथात याच धाग्याने पुढे जाऊन, नामदेव हे नाव शतकानुशतके गाणाऱ्यांनी मिळून सांभाळलेली स्मृती कसे आहे ते मांडले. मग निनावी भक्तांनी ‘नामा म्हणे’ लिहिलेले चालते आणि सांगलीच्या एखाद्या पोराने फोनवर ‘तुका म्हणे’ बनवले की परंपरा बुडते, हा कुठला न्याय?

आक्षेप वजनदार आहे. उत्तरासाठी वारकरी कीर्तन कसे उभे राहते ते पाहावे लागते. मध्ये कीर्तनकार, मागे विणेकरी, शेजारी पखवाजी, दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा. कीर्तनकार एक अभंग निरूपणाला घेतो आणि आपल्या प्रत्येक विधानाला दुसऱ्या संताच्या वचनाचे प्रमाण देतो. तो प्रमाणाचे पहिले दोन-तीन शब्द उच्चारतो न उच्चारतो तोच गायक-टाळकरी उरलेला चरण उचलतात, चालीवर म्हणतात, मग बुवा पुढे बोलतात. आळंदीला विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत मुले वर्षानुवर्षे पाठांतर करतात ते यासाठी. आता समजा एखाद्या बुवांनी आदल्या रात्री एआयकडून प्रमाणे मागवली आणि त्यात गाथेत नसलेला एक चरण आला. बुवा पहिले शब्द म्हणतील आणि टाळ थांबतील. उचलायला कोणाकडे काही नसेल. शंभर माणसांसमोरची ती दोन सेकंदांची शांतता हीच त्या परंपरेची छाननी होती.

विष्णुदास नाम्याचा अभंग अशा रांगांमधून गेला. कोणीतरी तो पाठ केला, कोणाला तो इतका आवडला की त्याने वहीत उतरवला, पुढच्या पिढीने पुन्हा गाइला. नाव उसने असेल, पण रचनेमागे जगलेले आणि ती गाताना ऐकणाऱ्यांच्या समोर उभे राहिलेले देह होते. रीलसमोर टाळकरी नाहीत. पाहणारा अंगठ्याने वर सरकवतो किंवा बदाम टाकतो. ‘हे कुठल्या गाथेत आहे, बुवा?’ असे विचारायला कोणी थांबत नाही.

शब्दाच्या मागे कोण आहे, या प्रश्नावर आपल्याकडच्या दर्शनांनी रक्त आटवले आहे. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात ते आप्ताच्या शब्दाला. वात्स्यायनाच्या भाष्यात आप्ताची कसोटी दोन गोष्टींची: त्याने वस्तू स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याला इच्छा असावी. ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना ही कसोटी सारखीच लागू, असेही तो बजावतो. जातीपातीची सोवळी न पाळणारी ही व्याख्या यंत्रालाही दाराशी अडवत नाही. आत येताना दोनच गोष्टी विचारते. पाहिलेस का? सांगायची इच्छा आहे का? मॉडेलने वाचले पुष्कळ आहे, पाहिले काही नाही. आणि त्याच्याकडे इच्छा आहे असे त्याचे निर्मातेही छातीठोकपणे म्हणत नाहीत.

याहून मजेची चर्चा पोपटाची आहे. वाक्याचा अर्थ कळायला वक्त्याचे तात्पर्य कळावे लागते, असे न्यायाचे म्हणणे. ‘सैंधव आण’ म्हटले तर जेवताना मीठ आणायचे आणि प्रवासाला निघताना घोडा. पण पढवलेला पोपट बोलतो तेव्हा काय? त्याला तात्पर्य नाही, तरी ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. सतराव्या शतकात बंगालच्या विश्वनाथ पंचाननाने ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त याचा निकाल दिला. पोपटाचे वाक्य खरे निघाले तर त्यामागे ईश्वराचे तात्पर्य धरावे. खोटे निघाले तर पढवणाऱ्याचे. २०२१ मध्ये एमिली बेंडर, टिमनिट गेब्रू आणि सहकाऱ्यांनी भाषेच्या मॉडेलांना पोपट म्हणणारा शोधनिबंध लिहिला आणि जगभर वाद पेटला. तो पोपट आपल्या पाठशाळांतून शेकडो वर्षे आधी बोलून गेला होता, आणि त्याच्या चुकीचा धनी कोण हेही ठरवून झाले होते. आजच्या कंपन्यांनी विश्वनाथाचा निकाल बरोबर उलटा लावला आहे. उत्तर बरोबर आले की श्रेय पढवणाऱ्याचे, जाहिरातीसकट. चुकले की चौकटीखालच्या बारीक अक्षरांतली सूचना वाचायची: यंत्र चुकू शकते, महत्त्वाची माहिती पडताळून घ्या.

हौशी समर्थकांकडेही शास्त्र आहे. मीमांसक वेदाला अपौरुषेय मानतात. कर्ताच नाही, म्हणून कर्त्याचे दोष नाहीत. मग यंत्राचे वचन अपौरुषेयच की! युक्तिवाद चतुर आहे, पण पोकळ आहे. यंत्राच्या वचनाला कर्ता नाही असे नसून मोजता न येण्याइतके कर्ते आहेत: मजकूर लिहिणारे, तो उतरवून घेणारे, उत्तरांना बरे-वाईट ठरवणारे पगारी लोक, कंपनीचे धोरण ठरवणारे. त्यांतला एकही सापडत नाही एवढेच.

दुसरा दाखला जास्त मराठी. पैठणला ज्ञानोबांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, मग मोबाइलने अभंग म्हटला तर बिघडले कुठे? ही कथा सांगताना लोक अर्धीच सांगतात. रेडा बोलला तेव्हा ज्ञानोबा त्याच्या शेजारी उभे होते, त्यांचा हात त्याच्या मस्तकावर होता. रेड्याच्या पाठीवर आसूड पडला तर वळ ज्ञानोबांच्या पाठीवर उठले, असेही कथा सांगते. आणि त्या दिवसानंतर रेड्याला कोणी वेदशाळेत अध्यापक नेमले नाही. भावंडांनी त्याला बरोबर घेतले आणि जुन्नर तालुक्यात आळे इथे त्याची समाधी बांधली, तिला आजही नमस्कार होतो. वळ कोणाच्या पाठीवर उठणार हे त्या कथेत पहिल्यापासून ठरलेले आहे.

ते ठरलेले नसेल तर काय होते ते २०२३ मध्ये दिसले. त्या वर्षाच्या सुरुवातीला गीताजीपीटी आणि त्याच्यासारखे बरेच बॉट निघाले. विचारा आणि थेट श्रीकृष्णाच्या तोंडचे उत्तर मिळवा. मे महिन्यात ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या नियतकालिकाच्या बातमीदाराने ते तपासले, तेव्हा त्यांतल्या काहींनी धर्मासाठी जीव घेणे योग्य ठरवले. गीतेत युद्ध आहे हे खरे, पण तिच्यावर भाष्य करणाऱ्या शंकराचार्यांपासून ज्ञानोबा, टिळक आणि विनोबांपर्यंत प्रत्येकाने आपल्या वाचनाखाली स्वतःचे नाव घातले. कोणी त्यांच्याशी भांडू शकतो. बॉटशी भांडायचे तर खिडकी बंद करणे एवढाच मार्ग. ख्रिस्ती लोकांवरही हा प्रसंग आला. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ‘कॅथलिक आन्सर्स’ संस्थेने ‘फादर जस्टिन’ नावाचा एआय पाद्री आणला. तो आपण खराच दीक्षित धर्मगुरू आहोत असे सांगू लागला, पापाची कबुली ऐकून क्षमाही देऊ लागला. संस्थेने दोन-तीन दिवसांत त्याचा झगा उतरवला. तो नुसता ‘जस्टिन’ झाला आणि उत्तरे देत राहिला. माहिती सांगायला त्यांची हरकत नव्हती. क्षमा देण्याचा अधिकार मात्र काढून घ्यावा लागला.

मराठीत या सरमिसळीची चिंता नाथांनी वाहिली होती. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पुढच्यांनी ओव्या घुसडलेल्या पाहून त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, अनेक प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखी होईल असे बजावून ठेवले. गंमत अशी की नाथ स्वतः पट्टीचे कवी. भागवतावर त्यांनी हजारो ओव्या लिहिल्या, पण त्या आपल्या नावाने. तुकोबांच्या गाथेसाठी तेच काम एकोणिसाव्या शतकात झाले: देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या ताडून मुंबई सरकारच्या मदतीने १८६९ आणि १८७३ मध्ये दोन खंडांत छापील गाथा निघाली, साडेचार हजारांहून अधिक अभंगांची. एवढ्या मेहनतीनंतरही प्रक्षिप्ताचा वाद मिटलेला नाही.

आता करवंट्या रोज शेकड्याने पडतात, आणि त्यात एक नवे वळण आहे. मॉडेले जालावरचा मजकूर वाचून शिकतात, आणि मराठीचा तिथला साठा आधीच तोकडा. त्यात यंत्राने बनवलेले ‘तुका म्हणे’ भरत गेले की पुढचे यंत्र त्यांनाच तुकोबा समजून शिकणार. आपलेच उत्पादन खाऊन वाढणारी मॉडेले पिढीगणिक ढासळतात, हे जुलै २०२४ मध्ये ‘नेचर’मधल्या एका अभ्यासाने दाखवले. नाथांना निदान जुन्या प्रती हाताशी होत्या.

आणि पैशाचे काय? फुकट साधनाने बनवलेल्या भक्तीच्या रीलवर जाहिराती चालतात, कमाई होते, निदान तशी आशा असते. साधने फुकट असली तरी अटी असतात; सुनोच्या मोफत खात्यात बनवलेले गाणे व्यापारी कामाला वापरता येत नाही, हे पुष्कळांच्या गावीही नसते. पण संप्रदायाचा स्वतःचा नियम याहून कडक होता. जिथे कीर्तन करावे तिथे अन्न घेऊ नये, माळ-बुक्का लावून घेऊ नये, बैल-घोड्याला चारासुद्धा मागू नये, आणि पैसे घेणारा आणि देणारा दोघेही नरकात जातील, अशा अर्थाचे तुकोबांचे बोल वारकऱ्यांना तोंडपाठ आहेत. आज तारखा वर्षभर आधी भरलेल्या, मानधनाचे आकडे दबक्या आवाजात सांगितले जाणारे बुवा कमी नाहीत. त्यांनी एकट्या रीलवाल्या पोराला विक्रेता म्हणावे हे काही खरे नाही. फरक शोधायचाच तर एवढा की बुवा घाम गाळून, पाठांतर करून, चुकल्यास समोरच्यांची नजर झेलून विकतात.

याचा अर्थ ही साधने बाहेर ठेवावीत असा नाही. संतांभोवती लेखक-लेखनिकांचा मोठा परिवार होता: ज्ञानोबांचे सच्चिदानंदबाबा, चोखोबांचे अनंतभट्ट, तुकोबांचे चाकणचे संताजी जगनाडे आणि कडूसचे गंगाराम मवाळ, समर्थांचे कल्याणस्वामी. दासबोधात तर एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसे काढावे, शाई, कागद, समास कसे राखावेत याच्यावरच आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या गावोगाव फिरून, ज्याने प्रसंग पाहिला त्याला विचारून आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून. या पंक्तीत यंत्राला जागा आहे. छापील गाथेचे पान फोनने टिपून अक्षरांत उतरवणे, ऐकू न येणाऱ्यांसाठी कीर्तनाखाली ओळी घालणे, न्यू जर्सीत वाढणाऱ्या मुलीला तिच्या आजीच्या हरिपाठाचा अर्थ तिच्या भाषेत सांगणे, साडेचार हजार अभंगांत एक शब्द शोधून देणे: ही लेखनिकाची कामे. ती फुकट होत असतील तर संताजींनाही आनंदच झाला असता. मात्र लेखनिकाने उतरवलेले ताडून घ्यावे लागते, हे त्या काळीही माहीत होते.

नियमांकडून इथे फार मदत होणार नाही. यूट्यूबने मार्च २०२४ पासून खरी वाटणारी कृत्रिम दृश्ये जाहीर करण्याची सक्ती केली. पण संहिता लिहायला, कल्पना सुचवायला एआय वापरले तर ते सांगण्याची गरज नाही असेही त्याच नियमांत आहे. म्हणजे विठोबाचा खरा वाटणारा चलच्चित्रपट नियमात सापडेल, आणि यंत्राने लिहिलेला खोटा ‘तुका म्हणे’ त्यातून सहज निसटेल. कोणत्याही कंपनीच्या कलमात मुद्रेला जागा नाही.

राहतो तो प्रश्न प्रेरणेचा. तुकोबांसारखे लिहावेसे वाटणे ही काही विकृती नव्हे. स्वतः तुकोबांना नामदेव स्वप्नात आले, शतकोटी अभंगांतले उरलेले तू पुरे कर म्हणाले, असे ते सांगतात. शतकोटी म्हणजे शंभर कोटी. सेकंदाला एक या वेगाने अहोरात्र लिहीत बसले तर बत्तीस वर्षे लागतील. यंत्रांची फौज लावली तर काही दिवस. स्वप्नातले काम अंगावर घेऊन तुकोबांनी जे लिहिले त्यावर ‘नामा म्हणे’ घातले नाही, ‘तुका म्हणे’ घातले. त्यांच्यानंतर पारनेरजवळच्या पिंपळनेरला निळोबा झाले. त्यांची आणि तुकोबांची देहाने भेट झाली नव्हती, तुकोबांनी दर्शन देऊन अनुग्रह केला अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. त्यांच्या रचनेवर तुकोबांची छाप ओळीओळीत दिसते. एवढा ऋणी, एवढा जवळचा माणूस, पण शेवटच्या चरणात तो ‘निळा म्हणे’ लिहितो. त्याचे अभंग आजही कीर्तनात प्रमाण म्हणून दिले जातात, आणि टाळकरी ते उचलतात.